शहाऐंशी पूर्णांक दोन

नाव ऑर्विल स्टेन्झ. सव्वीस वर्षं
शेरिफच्या तळघरात पुड्या तोलल्या.
तेवढंच सांगायला शायेनला आलोय,
तीन मिनिटांत. समोरचा दिवा पिवळा झाला
की आवरायचं, असं बाई म्हणाल्या.

कायदा तुमचाच, महाशय:
तीन औंस, म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅम.
आत असलं तर लहान गुन्हा.
गुंजभर वर गेलं तर मोठा,
नोकरीच्या प्रत्येक अर्जावर
माणसाच्या आधी पोचणारा.

काटा डिजिटल, पण दाराजवळ ठेवलेला.
वायोमिंगचं वारं तुम्हाला ठाऊक आहे.
कुणी दार उघडलं की आकडे थरथरायचे,
चौऱ्याऐंशी नऊ, पंच्याऐंशी एक,
मी श्वास धरून उभा.
दार लावा रे, म्हणायचो,
आणि पाकिटाचं वजन वजा करून लिहायचो.
अक्षर माझं बरं होतं.

कोल्बी रेन्फ्रोची पुडी भरली
शहाऐंशी पूर्णांक दोन.
ऑक्टोबर होता. माल ओला,
हातमोज्यातूनही दमट लागावा इतका.
खटला उभा राहिला जुलैत.
पुडी वर न्यायला काढली, सवयीनं पुन्हा काट्यावर ठेवली.
एकोणऐंशी.
चोरी नाही, उंदीर नाही, सील जसंच्या तसं.
कागदी पाकिटातून नऊ महिन्यांत पाणी उडून गेलं, बस्स.
मी सरकारी वकिलाला सांगितलं.
तो म्हणाला, पहिला आकडा धरतात, ऑर्विल.
गवत वाळलं.
आकडा ओलाच राहिला.

पोरगा फार दिवस आत नव्हता, खरं आहे.
पण त्याला आता बंदूक धरता येत नाही.
शहरातल्या माणसाला हे कळणार नाही, तुम्हाला कळेल:
एल्कच्या मोसमात बाप रायफल घेऊन डोंगर चढतो,
गुडघे धरत,
आणि मागून मुलगा, अडतीस वर्षांचा,
थर्मास घेऊन.

इथून दहा मैलांवर कोलोराडोची हद्द.
तिथं तीच पुडी पावतीसकट मिळते.
विकणारी मुलगी वर म्हणते, दिवस छान जावो.

दिवा पिवळा झाला. मी बसलो.

माझ्यानंतर मायटे एचेव्हेरी उठली,
बफेलोकडची, बास्क मेंढपाळांच्या घरातली.
हातात कागद नव्हता.
म्हणाली, माझा बेन्यात पंधराव्या वर्षी ओढायला लागला.
एकोणिसाव्या वर्षी भिंतीतून
कुणीतरी त्याला हाक मारायला लागलं.
डॉक्टर म्हणतात, कदाचित तसंही झालं असतं.
कदाचित.
सहा वर्षं मी या शब्दाला उशाशी घेऊन झोपते.
पोरांना तुरुंगात घाला, असं मी म्हणत नाही.
पण नुसतं गवत आहे, असं
माझ्या तोंडावर म्हणू नका.

गवत हा शब्द मीच वापरला होता.
तिचं बोलणं मिनिटभरात संपलं.
उरलेला वेळ ती तिथेच उभी राहिली
आणि दिवा हिरवाच.

पाच विरुद्ध चार. विधेयक पडलं.
मंडळी जेवायला गेली.

संध्याकाळी वाऱ्यानं हमरस्ता बंद.
चगवॉटरच्या पेट्रोलपंपावर अडकलो,
सात-आठ ट्रकवाले, एक कुत्रा, ती आणि मी.
तिनं न विचारता माझ्यासाठीही कॉफी घेतली.
बराच वेळ कप फिरवत बसली, मग म्हणाली,
त्या मुलाचं वजन आठवतं तुम्हाला.
सगळ्यांचंच आठवतं?

नाही म्हणालो.
बावीस चार. नऊ शून्य. एकशे दहा सात.
पंच्याऐंशी शून्य, एकदाच, आणि त्या दिवशी मी
आत किंवा वर यातलं काय लिहिलं
ते मात्र खरंच आठवत नाही.

कुणीतरी आत आलं. वारं घुसलं,
कागदी रुमाल टेबलावरून उडाले,
ती ते गोळा करायला वाकली.
मी श्वास धरून उभा.